स्टेजपासून मिक्सरपर्यंत एक तार

माझा भागीदार आणि मी, आम्ही दोघं नाशकात साउंडचा धंदा करतो. लग्नं, शाळांची स्नेहसंमेलनं, पुस्तकांची प्रकाशनं, कीर्तनं, गाण्याच्या बैठका, जे येईल ते. तो मूळचा मालेगावचा. त्याचे वडील आणि भाऊ तिथं पॉवरलूम चालवायचे, भाऊ अजून चालवतात. हा शिकायला नाशकात आला आणि इथलाच झाला. धंदा सुरू केला तेव्हापासून आमच्या जागा ठरलेल्या होत्या. मी प्रेक्षकांच्या मागं, सगळे आवाज जुळवायच्या मिक्सरवर बसायचो आणि तो स्टेजवर असायचा. माइक लावणं, वायरी टाकणं, कलाकारांना काय हवं-नको ते बघणं, सगळं त्याच्याकडे.

या दोन टोकांना जोडणारी एक केबल असते. स्टेजवरचे सगळे माइक एका लोखंडी पेटीत लागतात आणि त्या पेटीतून मनगटाएवढी जाड केबल थेट मिक्सरपर्यंत जाते. तिच्या पोटात प्रत्येक माइकची वेगळी तार. इंग्रजीत तिला साप म्हणतात. आम्ही अजगर म्हणायचो. ती उचलायला दोन माणसं लागायची, पण भागीदाराला ते पटायचं नाही. दुसरा माणूस येईपर्यंत तो एकट्यानंच केबल गुंडाळलेला ड्रम खांद्यावर घेऊन निघालेला असायचा.

चांदवडला एका लॉन्सवर लग्न होतं. कार्यक्रम आटोपून दुपारी आम्ही सामान टेम्पोत चढवत होतो. भागीदारानं अजगराचा ड्रम फाळक्यापर्यंत नेला आणि तो तसाच थांबला. अर्धा वाकलेला, दोन्ही हात ड्रमवर.

मी म्हणालो, "हलू नको."

"हलूच शकत नाही, यार," तो म्हणाला आणि हसला. मग दात आवळले.

मणक्यातली गादी सरकली होती. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची गरज नाही म्हणून सांगितलं, पण फरशीवर चटई टाकून सपाट झोपायचं, आणि बरं वाटलं तरी पुढं वजन उचलायचं नाही, हेही सांगितलं. हे दुसरं वाक्य त्यानं ऐकलंच नाही. मी ऐकलं.

डिजिटल मिक्सर घ्यायचा विषय आमच्यात बरेच दिवस चालला होता. आता चर्चा संपली आणि मी तो मागवला. त्याच्याबरोबर स्टेजवर ठेवायची एक पेटी येते. माइक त्या पेटीतच लागतात, पण पेटीतून मिक्सरपर्यंत अजगर जात नाही. ऑफिसात इंटरनेटला वापरतात तसली करंगळीहून बारीक एक तार जाते आणि सगळे माइक तिच्यातूनच पोचतात. मुंबईच्या विक्रेत्याला मी फोनवर विचारलं, "तार कुठली घेऊ?" तो म्हणाला, "कुठलीही नेटवर्क केबल घ्या हो, चालतं." पुढचा सगळा प्रकार या वाक्यातून निघाला.

महात्मा गांधी रोडवर मी एका दुकानात गेलो. दुकानदारानं मला वर-खाली बघितलं आणि विचारलं, "कॅमेऱ्यासाठी का?"

"साउंडसाठी."

"साउंडला ही कशाला?"

मी समजावलं. त्यानं कॅमेऱ्यांना वापरतात ती पेटीबंद केबल पुढं केली. मी हातभर तुकडा मागून घेतला, साल काढली आणि आतली तार ब्लेडनं खरवडली. वरचा तांबूस रंग गेला आणि खाली पांढरं दिसलं. आतून अॅल्युमिनियम होतं आणि वरून नुसता तांब्याचा मुलामा.

"यावर अख्ख्या सोसायट्यांचे कॅमेरे चालतात," तो म्हणाला.

"कॅमेरा एकदा भिंतीवर लावला की लावला. आम्हाला ही रोज पसरायची आणि रोज गुंडाळायची."

त्यानं मग दुसरी काढली. शुद्ध तांब्याची, जाड, आत प्लास्टिकचा कणा असलेली. लांबी जास्त असेल तर मध्ये नेटवर्कचा एक स्विच टाका, म्हणजे सिग्नल पुढं ढकलला जातो, असंही त्यानं सुचवलं. मिक्सरबरोबर आलेलं पुस्तक तोवर मी वाचून काढलं होतं. मी सांगितलं, आमच्या मिक्सरला तार इंटरनेटची चालते, पण तो त्या तारेवर बोलतो आपलीच भाषा. मध्ये स्विच घातला तर सगळं गप्प होईल. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड तार पाहिजे, जोडही नको. हे ऐकून त्याला मजा वाटली. तो स्वतः स्टुलावर चढला आणि वरच्या फळीवरून तिसरी केबल काढून दिली. ही एका तारेऐवजी बारीक केसांसारख्या तारांची होती. हातात घेतली तर दोरीसारखी लोंबायची.

तिन्ही तुकडे घेऊन मी जुन्या नाशकात भागीदाराच्या घरी गेलो. तो बाहेरच्या खोलीत फरशीवर उताणा पडला होता. गुडघ्यांखाली लोड. भाभी, म्हणजे त्याची बायको, दारातच म्हणाली, "काम आणलंत ना? आणा, आणा. दिवसभर छत बघून माझं डोकं खातो."

तुकडे मी त्याच्या छातीवर ठेवले. त्यानं पडल्यापडल्या एकेक हातात घेतला. कॅमेऱ्याची केबल बाजूला टाकली. कण्यावाली जाड केबल दोन बोटांत धरून वाकवली, सरळ केली, पुन्हा वाकवली. ती वाकायची, पण वाकल्याची खूण ठेवायची.

"ही ऐकत नाही," तो म्हणाला. "महिनाभर गुंडाळली की हिच्यात जिलब्या तयार होतील. आतली तार तुटेल आणि बाहेरून कळणारही नाही."

मग तिसरी घेतली. चार बोटांवर तिचं वेटोळं केलं, सोडलं, ती छातीवर सपाट पडली. त्याचा चेहरा खुलला.

"ही. ही हातात बसते."

मी सांगितलं, "पुस्तकात लिहिलंय, वरून जाळी असलेली घ्या. तारांभोवती धातूची पन्नी आणि विणलेली जाळी पाहिजे. हिला नाही."

"जाळीवाली कडक असते. आणि मिळते का इथं?"

"मुंबईहून मागवावी लागेल."

"आणि कार्यक्रम?"

कार्यक्रम त्याच आठवड्यात होता. मलाही मऊच आवडली होती, त्यामुळे मी फार ताणलं नाही. दुसऱ्या दिवशी पूर्ण लांबीची केबल आणली, दोन्ही टोकांना साधे प्लास्टिकचे प्लग बसवले आणि काम झालं.

पहिले काही कार्यक्रम बंद हॉलमधले होते, ते सुरळीत झाले. मी केबलचं वेटोळं खांद्यात अडकवून, दुसऱ्या हातात चहाचा कप घेऊन हॉलमध्ये शिरायचो. भागीदाराला फोनवर हे सांगितलं तर त्याला खरं वाटेना. "फोटो पाठव," तो म्हणाला. मी पाठवला. मग त्यानं लिहिलं, "कप कशाला दाखवतो?"

थंडी सरता सरता दिंडोरीला द्राक्ष बागायतदारांचा मेळावा होता. मोकळ्या मैदानात मांडव, बाजूला अवजारांचे आणि औषधांचे स्टॉल, सकाळी भाषणं आणि सत्कार, दुपारी लोकगीतांचा कार्यक्रम. भागीदाराला आता बसायची परवानगी मिळाली होती. कमरेला पट्टा बांधून तो आला. नुसता बसून राहीन, हात लावणार नाही, असं भाभीला कबूल करून आला होता. मिक्सरजवळ माझ्या खुर्चीशेजारी त्याला पाठ असलेली खुर्ची दिली.

स्टेजवर नवंकोरं लाल कार्पेट होतं. भाषणासाठी स्टीलचा उभा डायस. हवा इतकी कोरडी की ओठ फुटत होते.

पहिल्या वक्त्यानं बोलायला सुरुवात केली आणि थोड्या वेळात सगळ्या स्पीकरमधून "टक्" असा आवाज आला. मग शांतता. मग आवाज आपोआप परत आला. वक्त्यानं माइकवर टिचकी मारली, "हॅलो, हॅलो" केलं आणि पुढं बोलू लागला. मी मिक्सरचा पडदा बघितला, काही चुकलेलं नव्हतं. सत्कार सुरू झाले तसं हे वाढलं. नाव पुकारलं, माणूस डायसजवळ गेला, टक्, शांतता. संयोजक घाईघाईनं आमच्याकडे आले.

"अहो, काय चाललंय? आमदार यायचेत अजून."

माइक बदलला, माइकची वायर बदलली, तरी तेच. शेवटी मी भागीदाराला म्हणालो, "तू माझ्या खुर्चीवर बस. काही करू नको, नुसतं बघ. मी स्टेजवर जातो."

मी कार्पेटवरून चालत गेलो आणि डायसवरच्या माइकचा स्टँड सरळ करायला हात लावला. बोटाला सणकन चटका बसला आणि त्याच क्षणी सगळा मांडव मुका झाला. आवाज परत यायच्या आत खिशातला फोन वाजला.

भागीदार विचारत होता, "आत्ता काय केलंस?"

"स्टँडला हात लावला. चटका बसला."

"मघाशी त्या ताई आल्या सत्काराला, नायलॉनची साडी होती, त्यांनी डायसला हात लावला तेव्हाही गेला. त्यांच्या आधी ते जाकिटवाले काका. मी बघतोय इथून. कार्पेट आहे ते. आमच्या लूमवर पॉलिस्टर चालतं ना, कोरड्या दिवसांत धागा असाच अंगाला चिकटतो, हातावरचे केस उभे राहतात. भाऊ हवेत पाणी मारतो, मग बसतं सगळं."

मला पुस्तकातलं जाळीवालं पान आठवलं. जाळी का हवी ते त्यात लिहिलेलं होतं. अंगात साठलेली वीज ठिणगीनं माइकच्या वायरीवाटे पेटीवर उतरली की तिला जमिनीकडे जायला वाट पाहिजे. आमच्या तारेला ती वाट नव्हती, म्हणून दर ठिणगीला पेटी आणि मिक्सर यांचं बोलणं तुटत होतं. कारण कळलं, पण जाळीवाली केबल मुंबईत होती.

मी फोनवर म्हणालो, "इथं पाणी कुठून मारू?"

"समोर बघ ना, अरे. पंपांचं दुकान आहे."

खरंच, मांडवाच्या तोंडाशीच फवारणी पंपांचा स्टॉल होता. मी धावत गेलो आणि एक कोरा पंप मागितला, ज्यात कधीच औषध भरलेलं नाही असा. स्टॉलवाल्याला वाटलं गिऱ्हाईक आलं. मी खरं सांगितलं तर तो आणखी खूश झाला, स्वतःच पिण्याचं पाणी भरून पट्टे माझ्या खांद्यावर चढवले आणि म्हणाला, "नोझल बारीक ठेवलाय, धुकं पडेल."

स्टेजवरची पेटी आणि विजेचा बोर्ड मी टेबलावर उचलून ठेवले, त्यांच्या आसपासची जागा कोरडी सोडली आणि उरलेल्या कार्पेटवर या टोकापासून त्या टोकापर्यंत हलकं पाणी मारत गेलो. समोर शेकडो द्राक्षवाले बसलेले. जन्म फवारणीत गेलेली माणसं ती. क्षणभर कुणालाच काही कळेना.

मग मागून कुणीतरी ओरडलं, "काय ओ, भुरी आली का स्टेजला?"

भुरी म्हणजे द्राक्षांवर पडणारा पांढरा रोग. सगळा मांडव हसला. आणखी एकजण म्हणाला, "हात लय वर धरलाय, खाली मारा, खाली!" निवेदकानंही संधी सोडली नाही. आपल्या साउंडवाल्यांनी बागेत फवारणी करायलाही यावं, असं त्यानं जाहीर केलं. मी घामाघूम झालो होतो, पण हसलो. पुढच्या सत्कारमूर्तींनी डायसला हात लावला. आवाज गेला नाही. त्यांच्या पुढच्यांच्या वेळीही गेला नाही. जेवणाच्या सुट्टीत मी पुन्हा एक हात फिरवला.

दुपारच्या कार्यक्रमाला मी स्टेज सोडायला धजेना. कार्पेट वाळलं तर काय, ही धास्ती होती. त्यामुळे मिक्सरवर भागीदारच राहिला. त्याला येत नव्हतं असं नाही, इतकी वर्षं बघत होताच. पण कार्यक्रम त्यानं कधी केला नव्हता. मी पडद्याआड पंप पाठीवर घेऊन उभा होतो आणि तिथून ऐकत होतो. गाणाऱ्या बाईंचा आवाज मी ठेवला असता त्यापेक्षा त्यानं थोडा कमी ठेवला होता, आणि तरी शब्द अन् शब्द कळत होता. ढोलकी गाण्याच्या मागं होती, अंगावर येत नव्हती. मला वाटलं, नंतर एकदा त्याला सांगू, आवाज जरा वर घे. मग वाटलं, का?

नाशकात परतल्यावर मी मुंबईहून जाळीवाली केबल मागवली. बारीक तारांची, पन्नी आणि जाळी दोन्ही असलेली, वरून रबरासारखं जाड आवरण. तितकी कडक निघाली नाही. या वेळी प्लगही धातूचे आणले, खटकन बसून लॉक होणारे, पायात अडकून निघणार नाहीत असे. जाळी दोन्ही टोकांना प्लगच्या धातूला नीट टेकली पाहिजे, नाहीतर ती असून नसल्यासारखी. हे काम भागीदारानं मागून घेतलं. टेबलाशी बसून, पाठीमागं उशी घेऊन, त्यानं दोन्ही टोकं इतक्या निगुतीनं बांधली की मी नुसता बघत बसलो.

मग आम्ही तिची परीक्षा घेतली. गोदामात कार्पेटचा तुकडा टाकला, भाभीकडून एक लोकरीसारखं दिसणारं पॉलिस्टरचं ब्लँकेट आणलं. आधी जुनी मऊ केबल लावली आणि मोबाइलवर गाणं चालू ठेवलं. भागीदार खुर्चीवर बसून मोजे घातलेले पाय कार्पेटवर घासायचा, मांडीवर ब्लँकेट चोळायचा आणि बोट पेटीला लावायचा. टक्. गाणं गेलं. पुन्हा टक्. पुन्हा गेलं. मग नवी केबल लावली. चटका बसला, तो "आई गं" म्हणाला, गाणं चालूच. पुन्हा घासलं, पुन्हा चटका, गाणं चालूच. भाभी जेवणाचा डबा घेऊन आली तेव्हा तिला दिसलं ते असं, की नवरा घोंगडी चोळत बसलाय, किंचाळतोय आणि आम्ही दोघं टाळ्या देतोय.

"पाठ बरी झाली, आता डोकं दाखवा," ती म्हणाली.

डबा खाता खाता भागीदार माझ्याकडे बघून म्हणाला, "बोल. बोलून टाक."

"काय?"

"पुस्तकात लिहिलं होतं म्हणून."

"लिहिलं होतंच."

"हो. आणि भुरीचं औषधही लिहिलं होतं का त्यात?"

डॉक्टरांनी पुढच्या तपासणीत तेच सांगितलं जे आधी सांगितलं होतं. वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही, जन्मभर. या वेळी त्यानंही ऐकलं. स्टेजवरचं काम म्हणजे सगळं वाकण्याचंच. गाडीत घरी येताना तो बाहेर बघत होता. तसाच बघत म्हणाला, "मग मी करू काय?"

"मिक्सर."

"आणि तू?"

"वायरी टाकीन. आता हलक्या आहेत."

मी हे सहज म्हणालो, पण ते सहज झालं नाही. ती खुर्ची माझी होती. लोक मला साउंडवाला म्हणून ओळखायचे ते त्या खुर्चीमुळे. सुरुवातीचे काही आठवडे मी स्टेजच्या कोपऱ्यातून त्याला सारखा फोन करायचो. तबला वाढव, निवेदकाचा आवाज घोगरा येतोय, मागचे स्पीकर ऐक. एका प्रकाशन समारंभात मी असाच फोन केला आणि तो शांतपणे म्हणाला, "तू इथं बसायचास तेव्हा मी तिकडून कधी फोन केला होता?"

केला नव्हता. त्यानंतर मी फक्त त्यानं विचारलं तर सांगतो.

स्टेजवरचं काम मला नव्यानं शिकावं लागलं. तार कशी टाकायची हेसुद्धा. ती विजेच्या जाड वायरीला समांतर लांबवर न्यायची नाही, आडवी ओलांडायची. कोपऱ्यावर घडी घालायची नाही, गोल वळवायची. दारात रबरी पट्टीखाली घ्यायची, खुर्चीचा पाय तिच्यावर येऊ द्यायचा नाही. शेजारून दुसरी तशीच तार टाकून ठेवायची, लागली तर असावी म्हणून. गुंडाळताना एक वेढा सरळ आणि एक उलटा, म्हणजे पुढच्या वेळी फेकली की पीळ न पडता सुटते. हे सगळं भागीदारानं मला खुर्चीवर बसून शिकवलं, आणि शिकवताना त्याला आवरणं कठीण होतं.

कलाकार इतक्या जवळून मी कधी बघितले नव्हते. मिक्सरवरून मला फक्त आवाज यायचे. कुणाचा घसा बसलाय, कुणाचे हात थंड पडलेत, कुणाला समोरचे दिवे सहन होत नाहीत, हे भागीदाराला माहीत असायचं आणि मला नसायचं. आता मला असतं.

गेल्या महिन्यात गंगापूर रोडला सकाळची बैठक होती. गाणाऱ्या बाई वयस्कर, नाशिककरांच्या चांगल्या ओळखीच्या. मी त्यांच्यापुढं माइक ठेवत होतो, उंची जुळत नव्हती. त्यांनी विचारलं, "मागं कोण बसलंय?"

"माझा भागीदार."

"तेच ना, मागच्या वेळीही होते? मग माइक असू द्या तिथंच. त्यांना कळतं."

मी माइक तिथंच सोडला, पायाशी पडलेली तार थोडी बाजूला सरकवली आणि विंगेत जाऊन उभा राहिलो. तंबोरे लागले होते. समोर, खुर्च्यांच्या पलीकडे, भागीदारानं कमरेमागची उशी नीट केली आणि मान खाली घालून काम सुरू केलं.